उरलेला लाल तुकडा

घाटंजी,
९ ऑक्टोबर २०१७

भाऊजी,

तुमचं चित्र पोचलं. ट्रान्सपोर्टवाल्यानं ते स्टँडवर उतरवून दिलं आणि तिथून रामलालच्या ऑटोत एका बाजूला मी, एका बाजूला चित्र, असे आम्ही दोघं घरी आलो. रामलालनं विचारलं, "आरसा आहे का वहिनी?" मी हो म्हणाले. घरी पोचेपर्यंत तो खड्डे चुकवत राहिला.

गोणपाट उसवलं, आत चिठ्ठी नाही. दोन वर्षांनी माणूस घरी काही धाडतो, तर चार ओळी लिहितो. खुशाली नको असेल तर निदान शिव्या तरी. पण चित्र पाठवलंत, म्हणजे तुमचे दादा दवाखान्यात होते हे कुणीतरी तुमच्या कानावर घातलं. कुणी, ते मी विचारत नाही.

फोन न करता पत्र का लिहितेय, असं वाटेल. एक तर तुम्ही नंबर बदललात. आणि बदलला नसतात तरी तुम्ही दोघे भाऊ फोनवर बोलता म्हणजे काय करता, ते मी ऐकलंय. पत्राचं बरं असतं. रागानं फेकलं तरी उचलून पुन्हा वाचता येतं. तुमचा बडोद्याचा पत्ता गोणपाटावरून उतरवून घेतला आहे.

दादांचं सांगते. यंदा कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. इतकी उंच मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. फवारा वर धरून मारावा लागतो आणि मारलेलं सगळं तोंडावर उतरतं. पोळा झाल्यावर एका सकाळी ते फवारणी सोडून बांधावर, धुऱ्यावर येऊन बसले आणि मला म्हणाले, "आज धुरे दोन कसे झाले वं?" मला आधी थट्टाच वाटली. मग ते वांत्या करायला लागले. यवतमाळच्या दवाखान्यात सगळा वॉर्ड फवारणीवाल्यांनी भरलेला होता. आता घरी आहेत, जेवतात, चिडतात, म्हणजे बरे आहेत. डोळ्यांना मात्र अजून एकाचे दोन दिसतात. हळूहळू जाईल म्हणाले डॉक्टर. काळा चष्मा दिलाय, तो लावून अंगणात खाटेवर बसतात आणि आपल्या कोंबड्या मोजून खूश होतात.

वॉर्डात पहिले दोन दिवस ते शुद्धीत नव्हते. तेव्हा एकदा म्हणाले, "अन्या, पाणी आन." हे मी तुम्हाला सांगितलं, असं त्यांना कळू देऊ नका.

आता चित्राबद्दल. तुम्ही फक्त दादांचा आरडाओरडा ऐकलात, त्याच्या आधी या घरात काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. नागपूरच्या प्रदर्शनाच्या वेळी पेपरात तुमच्या चित्राचा फोटो आला. खाली तुमचं नाव, चित्राचं नाव 'वहिनी', आणि वर बातमीवाल्यानं आपल्या मनानं मथळा दिला, 'पांढऱ्या सोन्याची विधवा'. अनिकेतची वहिनी म्हणजे कोण, हे घाटंजीपासून मुकुटबनपर्यंत सगळ्यांना माहीत. दुसऱ्या दिवशी मुकुटबनची मावशी चार बायका घेऊन फाटकापासूनच रडत आली. आणि तुमचे दादा ओसरीवर ठेचा-भाकर खात बसलेले. मावशीनं त्यांना पाहिलं आणि जास्तच जोरात रडली. आता मला हसू येतं. तेव्हा कुणी हसलं नाही. जिवंत माणसासाठी कुणी रडलं तर त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात, ते मी बोलूनही दाखवलं, पण आईंनी अशी नजर टाकली की मी चहा ठेवायला आत पळाले.

दादांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. बाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मग त्यांनी तुम्हाला फोन केला. "मले मारून टाकलं तू," म्हणाले. त्यावर तुम्ही म्हणालात, "दादा, वाचता येत नसेल तर पाहू नको." झालं. दोघांनी ते वाक्य सोन्याचं नाणं असल्यासारखं दोन वर्षं जपून ठेवलंय.

आईंनी चित्र आल्या आल्या सांगितलं आहे, "कापसाचा वेचा घरात याच्या आंधी हे इपरीत घराबाहेर झालं पायजे." दादा नुसते "परत धाडून दे" म्हणाले. मी म्हटलं, परत गेलं तर त्याचा अर्थ काय होईल? ते म्हणाले, "जो होईल तो होईल. इषय संपला." दिवाळीनंतर शेतात सीतादहीची पूजा करून वेचा सुरू होईल. तोपर्यंत मी वेळ मागून घेतला आहे. चित्र शिलाई मशीनच्या मागे आहे, तोंड भिंतीकडे करून.

चित्र परत गेलं तर तुम्हीही गेलात, हे मला कळतं. म्हणून विचारते. ती मी आहे का? आणि मीच असेन, तर माझं कुंकू कुठे गेलं?

तुमची,
मंजुषा वहिनी


घाटंजी,
१५ ऑक्टोबर २०१७

भाऊजी,

उत्तर आलं नाही. नाही तर नाही.

काल दुपारी चित्र फिरवून ठेवलं. आई कीर्तनाला गेल्या होत्या, दादा खाटेवर झोपले होते, चष्म्यासकट. बाहेर असं ऊन की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. खिडकीतून उजेडाचा एक पट्टा येतो ना मशीनवर, तो सरकत सरकत चित्रावर गेला, आणि मी हातातली बाही तशीच धरून बसले.

फोटोत ते एवढंसं होतं, काळंपांढरं. खरं चित्र दाराच्या अर्ध्या फळीएवढं आहे, आणि त्यात आपली जमीन आहे हो. पाऊस उघडल्यावर भेगा पडायच्या आधी ती जशी काळी-निळी दिसते ना, तशी. हिरवे किती प्रकारचे! पऱ्हाटीचा वेगळा, तुरीच्या ओळीचा वेगळा, माझ्या साडीचा वेगळा. आणि ती बाई. तिचं तोंड समोरूनही दिसतं आणि बाजूनंही. पाठ पुढे आली आहे. काखेखाली आभाळाचा एक तुकडा अडकलाय. पऱ्हाटीची फांदी तिच्या पोटातून जाते आणि खांद्यातून बाहेर येऊन तिला बोंडं लागतात. कपाळ मोठं, उन्हाच्या रंगाचं, स्वच्छ कोरडं.

पहिल्यांदा भीती वाटली. मग तो उजेड तिच्यावरून खाली उतरला, तसं मला वाटायला लागलं, हे मी कुठेतरी पाहिलं आहे. रोज पाहते आहे.

तुम्हाला हसू आलं तर हसा. माझ्याकडे ब्लाउजचं कापड येतं तेव्हा मी ते चटईवर अंथरते आणि खडूनं आखते. पाठ, समोरचे दोन भाग, कटोऱ्या, बाह्या, पट्टी. कापून झाल्यावर कुणी आलं तर त्याला चिंध्या पसरल्यासारख्या वाटतात. मला त्यात शेजारची कौसल्या दिसते, तिचा उजवा खांदा उतरलेला, आणि जरा जास्त श्वास घेते म्हणून कापड ढिलं ठेवायचं, हेसुद्धा दिसतं. तिची पाठ आणि पोट माझ्या चटईवर शेजारी शेजारी पडलेले असतात. त्याचं मला कधी भय वाटलं नाही. तुमचं चित्र म्हणजे कापलेली, पण अजून न शिवलेली बाई आहे.

हे कळलं आणि मी एकटीच हसले. मग त्या बाईच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. डोळा लागला असावा. स्वप्नात मी आपल्या शेतातून चालत होते आणि वाट काही केल्या सरत नव्हती. पऱ्हाटीच्या प्रत्येक तासाच्या, ओळीच्या, शेवटी पुन्हा मीच, पाठमोरी, वाकलेली. मी तिच्याजवळ जायची, तर ती वळायच्या आधीच तिचं तोंड दिसायचं. सगळीकडे कापूस फुटलेला आणि आवाज कशाचाच नाही. भीती नव्हती त्यात. उलट जाग आल्यावर परत तिथं जावंसं वाटलं.

जागी झाले तेव्हा दादा दारात उभे होते. किती वेळ उभे होते, कोण जाणे. "भिताडाकडं कर ते," एवढंच म्हणाले. पण पाहिलं त्यांनी. चष्मा हातात होता.

उन्हानं नुसती तगमग होते. घाम पुसता पुसता माझं कुंकू दिवसातून तीनदा जातं. टिकलीनं कपाळ खाजतं, तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे माझं आपलं ओलं कुंकूच. आई म्हणतात, आधी आरशात पाहून ये, मग बोल.

दिवाळीत काही गोड करू म्हणते. तुमच्या वाटचे अनारसे कुणाला द्यायचे तेवढं कळवा.

मंजुषा वहिनी


घाटंजी,
२४ ऑक्टोबर २०१७

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. "वहिनी, पत्रं मिळाली. चित्र समजावून सांगायचं नसतं. दादाचे डोळे कसे आहेत?" पहिलं वाक्य पोस्टमनसाठी, दुसरं माझ्यासाठी आणि तिसरं तुमचं स्वतःचं. एका साच्यातले गणपती आहात दोघे. दादाही मला विचारतात, "कार्ड कोनाचं होतं?" आणि उत्तर ऐकायच्या आत उठून जातात.

बरं, नका सांगू. मी माझ्या पद्धतीनं बसले.

साडीच्या घडीत पातळ कागद येतो ना, तो मी ब्लाउजच्या फर्म्यासाठी जपून ठेवते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते कागद चित्रावर हलकेच धरले, पेन्सिलचा जोरसुद्धा पडू दिला नाही, नुसतं वरवर फिरवून बाईचा एकेक तुकडा उतरवून घेतला. रागावू नका, रंगाला काही झालेलं नाही. मग तुकडे कापले आणि चटईवर जोडायला बसले. कुठला खांदा कुठल्या बाहीला बसतो, ते मला कापडाचा कल पाहून कळतं. तुमच्या रेघांनाही कल आहे, तो धरून गेले.

भाऊजी, एक बाई होत नाही. दोन होतात.

एक बाई खालून पाहिलेली आहे. तिची हनुवटी दिसते, हाताचा तळवा दिसतो, आणि पऱ्हाटी तिच्याहून उंच आहे. दुसरी वरून पाहिलेली आहे. तिचा भांग दिसतो, खांदे दिसतात, वाकलेली पाठ, कोरडं कपाळ, आणि झाडांचे नुसते शेंडे. दोघी कमरेत जोडलेल्या. कितीतरी वेळ मी ते तुकडे हलवत बसले. पंख्यानं उडायचे, मी पुन्हा लावायची. घरात कुणीच नाही आणि तरी आपण दोघी-तिघी आहोत, असं वाटत राहिलं. इतकं छान मला पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं. दवाखान्यातून आल्यापासून तर नाहीच.

पण एक मला कळेना. तीन वर्षांपूर्वीच्या सीतादहीचं आहे ना हे? त्या दिवशी तुम्ही वही घेऊन नाल्याकडच्या तासात मांडी ठोकून बसला होतात आणि पायाला मुंग्या आल्या म्हणून ओरडत होतात. उठला नव्हतात एकदाही, नैवेद्याचा दहीभातही तुम्हाला तिथंच नेऊन दिला. मग माझा भांग तुम्हाला कुठून दिसला?

आणि सगळं जोडून झाल्यावर एक तुकडा उरला. डाव्या कोपऱ्यात, खाली, मातीजवळ, एवढासा लाल त्रिकोण. तो कुठल्याच बाईला बसेना. ब्लाउज शिवून झाल्यावर एखादा तुकडा उरला की मी सगळी शिवण पुन्हा तपासते, कारण तो उरलेला नसतो, मी कुठेतरी लावायचा विसरलेली असते.

नेमक्या तेव्हा आई आल्या. चटईवर पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि त्या लाल तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तं त्या डब्यावरचं निशान व्हय."

खरं सांगू? माझ्याही मनात तेच आलं होतं, पण मी येऊ देत नव्हते. तुम्ही तिकडे लाल रंग पाहत असाल तर तुम्हाला दहा गोष्टी सुचत असतील. इथे शेतात लाल त्रिकोण म्हटला की फवारणीच्या डब्याशिवाय काही सुचत नाही. आणि डब्याशेजारी कोरड्या कपाळाची बाई उभी असेल, तर त्या डब्याचं काय झालं, ते इथे कुणी विचारतसुद्धा नाही.

दादा मागे उभे होते. त्यांनी एक डोळा मिटला, दुसऱ्यानं पाहिलं. एक डोळा मिटला की त्यांना एकाचं एकच दिसतं. अगदी शांतपणे म्हणाले, "पाह्य. औषध बी काढलं त्यानं. कसा मेलो ते बी काढलं." मी म्हटलं, अहो, तेव्हा तुम्हाला फवारणीची बाधा कुठे झाली होती? "म्हणून तं," ते म्हणाले, "आंधीच काढून ठेवलं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस थकतो. ते खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि आईंनी देवापुढे दिवा लावला. सीतादही रविवारी आहे. सोमवारी सकाळी रामलालचा ऑटो सांगून ठेवलाय दादांनी, चित्र यवतमाळला पोचवायला. गोणपाट मलाच शिवायला सांगितलं आहे. घरात शिवणारी मीच ना.

तुम्ही एक शब्द लिहिला असता, तो लाल तुकडा काय आहे एवढाच, तर बरं झालं असतं. आता लिहिलात तरी पत्र वेळेत पोचायचं नाही. मला तुमचा फार राग आला आहे. आणि रात्रंदिवस तुमची आठवण येते आहे. दोन्ही एकदम.

मंजुषा वहिनी


घाटंजी,
३० ऑक्टोबर २०१७, सोमवार

भाऊजी,

आधी मला सगळं नीट सांगू द्या. खाली काय आहे ते एकदम वाचू नका.

काल सकाळी सगळे शेतात गेलो. आई, मी, कौसल्या आणि वेचणाऱ्या बाया. दादा येणार नव्हते, ऊन डोळ्यांना सोसत नाही म्हणून. पण निघताना पाहिलं तर बैलगाडीत सगळ्यांच्या आधी बसलेले, काळा चष्मा लावून.

धुकं नुकतंच उठत होतं. पऱ्हाटी एवढी उंच की आत शिरलं की बाई दिसेनाशी होते, नुसता तिच्या बांगड्यांचा आवाज पुढे पुढे जातो. यंदा बोंडात अळी आहे म्हणतात सगळीकडे. आपल्यातही दोन-चार फोडून पाहिली तर आत होतीच, गुलाबी. तरीही जे फुटलं होतं ते उन्हात इतकं शुभ्र दिसत होतं की त्याच्यावर राग धरवेना.

धुऱ्याजवळच्या झाडाखाली मी जागा सारवली. पाच खडे धुऊन मांडले, त्यांना सीता म्हणायचं. दहीभात काढला. कौसल्यानं एका झाडाचा कापूस ताणत नेऊन दुसऱ्या झाडाला बांधला. दरवर्षीचंच सगळं. दादा धुऱ्यावर उभे होते, माझ्या समोर, जरा उंचावर. मी खड्यांना हळद लावली, मग कुंकू लावत होते. घाम डोळ्यांत उतरला म्हणून मनगटाशी धरलेल्या पदरानं कपाळ पुसलं आणि पुन्हा खाली वाकले.

"मंजू, तशीच राह्य."

लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण चारचौघांत आणि आईंसमोर त्यांनी मला नावानं हाक मारलेली नव्हती. कौसल्या गालात हसायला लागली. मी हात तसाच खड्यावर ठेवून थांबले.

"कुंकू गेलं तुहं," ते म्हणाले.

"घामानं गेलं असंल. लावते नंतर."

"गेलं नाही. बोटाले आहे."

मी पाहिलं. करंगळीच्या शेजारच्या बोटाचं टोक लालभडक, खड्यावर टेकलेलं, मातीजवळ. वरून पाहिलं तर एवढासा त्रिकोण.

मला उठायचं होतं, पण ते म्हणाले, "राह्य ना वं," आणि त्यांनी चष्मा काढला. एक डोळा मिटला, उघडला. मग दुसरा. मग दोन्ही उघडे ठेवून पाहत राहिले. त्यांना तेव्हा काय काय दिसत असेल! दोन मी, दोन भांग, चार हात, झाडं एकमेकांत शिरलेली. आईंनी विचारलं, "काय झालं रे, भोवळ आली का?" त्यांनी मान हलवली.

"इथून भांग दिसते," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "कपाळ कोरडं दिसते. अन् बोट लाल." नाल्याकडच्या तासाकडे पाहिलं. "मी हेच बोललो होतो."

"कुनाले?" आई म्हणाल्या.

"अन्याले. तो तिकडं खाली बसला होता, त्या तासात. मले ओरडून विचारे, दादा, तिथून वहिनी कशी दिसते? मले मोठी गंमत वाटली. मी म्हटलं, डोळे फुटले का तुहे, उठून पाह्य. तं म्हने, नाही, तू सांग. मंग मी सांगतलं त्याले. भांग दिसते, पाठ दिसते, पऱ्हाटीचे शेंडे दिसते. कपाळाचं कुंकू पुसून बोटाले लागलं म्हटलं. अन् तो लिवत गेला."

एवढं बोलून ते धुऱ्यावर खाली बसले. दवाखान्याच्या आधी बसले होते अगदी त्याच जागी. आणि रडले, भाऊजी. मोठ्यानं नाही. चष्मा हातात धरून, मुलासारखे. आई माझ्याकडे पाहायला लागल्या, आणि मी दहीभाताचं भांडं घेऊन तशीच बसून राहिले, कारण नैवेद्य दाखवायचा राहिला होता.

तुम्ही का सांगितलं नाहीत, ते मला तेव्हा कळलं. अर्धं चित्र तुम्ही दादांच्या डोळ्यांनी काढलं होतं. आणि ज्याच्या डोळ्यांनी काढलं त्यानंच फोनवर विचारलं, मला का मारलंस. मीही तुमच्या जागी असते तर गप्पच बसले असते. नाही, मी नसते बसले. मी भांडले असते. पण तुमचं दुखलं ते कळलं.

चारी दिशांना दहीभात शिंपडून झाल्यावर आईंनी स्वतः माझ्या कपाळाला कुंकू लावलं, जरा जास्तच मोठं. मग म्हणाल्या, "त्या पेपरवाल्याले हे दिसलं नाही काय? एवढं ढळढळीत आहे." मी हसू दाबलं.

सकाळी रामलाल आला. दादा म्हणाले, "काई न्याचं नाही. चहा पे." रामलालनं विचारलं, आरसा फुटला का काय? मी म्हटलं, नाही, लावला.

चित्र आता ओसरीवर आहे, पण टांगलेलं नाही. दादांनी ते जमिनीवर ठेवून भिंतीला टेकवलं आहे, आणि येताजाता त्याच्यापुढे उभे राहतात. कधी एका डोळ्यानं, कधी दोन्ही डोळ्यांनी. दोन्ही डोळ्यांनी जास्त बरं दिसतं म्हणतात. माझे कागदाचे तुकडे मी पुन्हा जोडले. लाल तुकडा वरून पाहिलेल्या बाईच्या हाताला बरोब्बर बसला.

खालच्या ओळी त्यांच्या आहेत. ओळ दोन-दोन दिसते म्हणून तिरप्या गेल्या आहेत. मी सुधारू का विचारलं, तर नको म्हणाले.

मंजुषा वहिनी


अन्या,
चित्रात मी नाही. मी धुऱ्यावर उभा आहो, पाहून राह्यलो. हे मले आता समजलं. फोनवर जे बोललो ते सोडून दे.
डोळे अजून तसेच आहे. पऱ्हाटी लई उंच झाली यंदा.
धुऱ्यावरून कशी दिसते ते मी सांगतलं होतं. खाली बसून कशी दिसते ते मले माहीत नाही. ते सांगाले ये.
घनश्याम